कमी घातक नेलपॉलिश रिमूव्हर कसा ओळखावा आणि कसा वापरावा

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर किंवा लातूरच्या गंजगोलाईत कटलरीच्या दुकानात रिमूव्हर मागितला की काउंटरवर तीन-चार बाटल्या येतात. गुलाबी, हिरवी, निळी आणि ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ लिहिलेली एखादी, जरा महाग. रंगाला काही अर्थ नाही, तो वरून घातलेला असतो. ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ला अर्थ आहे, पण एवढाच, की आत अ‍ॅसिटोन हे रंग काढणारं नेहमीचं द्रव नाही. त्याच्या जागी काय घातलंय ते बाटलीच्या पाठीवर शोधावं लागतं, आणि क्वचित ते अ‍ॅसिटोनपेक्षा वाईट निघतं.

पूर्णपणे निर्धोक रिमूव्हर मिळत नाही. वाळलेला रंग विरघळवणारं द्रव त्वचेवरचं तेलही थोडंफार नेणारच. म्हणून तीन गोष्टी बघायच्या: आत काय आहे, ते किती वेगाने हवेत उडतं, आणि तुम्ही ते कुठे आणि कशाजवळ वापरता. बहुतेक जण पहिल्या गोष्टीवरच अडतात. घरात भाजण्याची किंवा लेकराने बाटली तोंडाला लावण्याची भीती मात्र तिसऱ्या गोष्टीत आहे.

रंग निघतो कसा

साध्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज असतं, इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेटसारख्या द्रवांत विरघळवलेलं. नखावर लावल्यावर द्रव उडून जातं आणि पातळ पापुद्रा उरतो. रिमूव्हर तेच उलट करतो: पापुद्र्याला पुन्हा पातळ करतो आणि तो कापसावर येतो. म्हणूनच लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट यांनी रंग निघत नाही. घासून घासून नखाची वरची चकाकी जाते आणि माणूस समजतो की उपाय लागू पडला. सॅनिटायझरने रंग जरा मऊ होतो, पण इतका वेळ चोळावं लागतं की त्वचा आधी कोरडी पडते. रिमूव्हर संपलेलाच असेल तर एक युक्ती खरी आहे. जुन्या रंगावर ताजी नेलपॉलिश किंवा टॉपकोट जाडसर लावा आणि ओली असतानाच पुसून घ्या. तिच्यातलं द्रव खालच्या थराला मऊ करतं.

पार्लरमध्ये दिव्याखाली पक्की केलेली जेल पॉलिश हे निराळं प्रकरण. तिच्यातले रेणू एकमेकांत विणले गेलेले असतात, त्यामुळे ती विरघळत नाही. अ‍ॅसिटोनमध्ये फुगते, सुरकुतते आणि सुटते. अ‍ॅसिटोन-फ्री रिमूव्हरने जेल काढायचा प्रयत्न म्हणजे अर्धा तास वाया आणि शेवटी नखाने खरवडणं. तेव्हा दुकानात जाण्याआधी नखावर काय आहे ते ठरवा. जेल किंवा ॲक्रिलिकची कृत्रिम नखं असतील तर अ‍ॅसिटोनच लागेल, फक्त थोडं आणि नीट वापरायचं. साधी पॉलिश असेल तर निवडीला वाव आहे.

पहिली पायरी: लेबल वाचणं

घटकांची यादी इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. जो घटक जास्त तो आधी, असा क्रम असतो. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. समोर मोठ्या अक्षरात ‘व्हिटॅमिन ई’ किंवा ‘ऑलिव्ह ऑइल’ आणि मागे ते नाव अगदी शेवटी, रंगाच्या शेजारी दिसलं, तर ते नावापुरतंच आहे असं समजा.

एक अडचण मात्र खरी आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे ६० मिलीपेक्षा लहान बाटलीवर घटकांची यादी छापणं बंधनकारक नाही. आपल्याकडे आठवडी बाजारात जास्त खपते ती नेमकी ३० मिलीची बाटली. म्हणून आमचा सल्ला: पहिल्यांदा घेताना यादी असलेली मोठी बाटली घ्या. ती पटली की त्याच मालाची लहान बाटली घ्यायला हरकत नाही. यादी नसली तरी उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत हे ३० मिलीच्या बाटलीवरही हवंच. नुसतं इंग्रजीत ‘रिमूव्हर’ आणि फुलाचं चित्र एवढंच असेल तर ती बाटली परत ठेवा, कितीही स्वस्त असली तरी.

आता नावं. खालच्या क्रमाने बघत जा: आधी बरी, शेवटी टाळायची.

प्रोपिलीन कार्बोनेट, डायमिथाइल अ‍ॅडिपेट, डायमिथाइल ग्लुटारेट, डायमिथाइल सक्सिनेट, इथाइल लॅक्टेट, मिथाइल सोयेट (सोयाबीनच्या तेलापासून बनतं). ही सावकाश उडणारी द्रवं. प्रोपिलीन कार्बोनेटचा उत्कलनबिंदू २४० अंश सेल्सिअसच्या वर आहे, त्यामुळे खोलीत वास कमी आणि पेट घेण्याचा धोकाही बराच कमी. छातीत घरघर असणाऱ्यांना, गरोदर बाईला, लहान बंद खोलीत राहणाऱ्यांना हीच बरी. उणी बाजू अशी की काम हळू होतं. एका नखाला एक ते दोन मिनिटं कापूस दाबून ठेवावा लागतो, नंतर तेलकट थर उरतो, आणि द्रव उडून जात नसल्यामुळे हात साबणाने धुतल्याशिवाय ते त्वचेवरून जात नाही. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून न धुता भाकरी थापायला बसू नये.

इथाइल अ‍ॅसिटेट. बाजारातल्या बहुतेक ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ बाटल्यांत हेच मुख्य असतं. पिकलेल्या फळासारखा वास. त्वचा अ‍ॅसिटोनपेक्षा थोडी कमी कोरडी करतं, पण डोकं यानेही दुखतं आणि ज्वालाग्राही हेही आहेच. दर पंधरा दिवसांनी मोकळ्या हवेत वापरणाऱ्या मोठ्या माणसाला चालण्यासारखं.

अ‍ॅसिटोन. नाव बदनाम, पण त्याचे परिणाम नीट माहीत आहेत. आपलं शरीर स्वतः थोडं अ‍ॅसिटोन तयार करतं, उपास घडला की जरा जास्तच. काही सेकंदांत रंग काढतं, म्हणजे त्वचेशी संपर्कही कमी वेळ. दोष दोन: त्वचा आणि नख फार कोरडं करतं, आणि भयंकर वेगाने उडून पेटतं. ज्यात सोबत ग्लिसरीन, एरंडेल किंवा लॅनोलिन आहे तो रिमूव्हर शुद्ध अ‍ॅसिटोनपेक्षा बरा.

यापुढची नावं दिसली की बाटली घेऊ नका: मेथॅनॉल म्हणजेच मिथाइल अल्कोहोल, टोल्यूईन, मिथाइल इथाइल किटोन, अ‍ॅसिटोनायट्राइल, गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन, एन-मिथाइल पायरोलिडोन. मेथॅनॉल पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. अ‍ॅसिटोनायट्राइलचं शरीरात सायनाइड होतं. युरोपात ते सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी आहे. कृत्रिम नखांचा डिंक काढणाऱ्या द्रवांत ते पूर्वी येत असे, म्हणून ‘ग्लू रिमूव्हर’ घेताना हे नाव मुद्दाम शोधा. गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन पोटात गेलं तर गुंगी येऊन श्वास मंदावतो, आणि ते ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ मालातच सापडलेलं आहे. सुरुवातीला म्हटलं ते ‘क्वचित वाईट’ म्हणजे हेच.

वाचताना एक चूक सहज होते. इंग्रजीत ‘इथाइल’ आणि ‘मिथाइल’ यांत फक्त पहिल्या ‘एम’चा फरक आहे. इथाइल अल्कोहोल चालतं, मिथाइल अल्कोहोल चालत नाही. पण मिथाइल सोयेट किंवा डायमिथाइल अ‍ॅडिपेटमध्ये ‘मिथाइल’ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. ते निराळे पदार्थ आहेत. पूर्ण नाव वाचा, अर्धं नको.

‘थ्री-फ्री’, ‘फाइव्ह-फ्री’ हे शब्द रिमूव्हरवर पाहिले तर हसून सोडून द्या. नेलपॉलिशमधल्या टोल्यूईन, फॉर्मल्डिहाइड, डायब्युटाइल थॅलेट वगैरेंसाठी ते निघाले. रिमूव्हरबद्दल ते फारसं काही सांगत नाहीत.

लेबल नसेल तर घरी काय कळतं

थोडं कळतं, सगळं नाही. आणि ही तपासणी अंगणात, चुलीपासून लांब करा.

स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर एक थेंब टाका. काही सेकंदांत नाहीसा झाला आणि चमचा गार लागला तर अ‍ॅसिटोन किंवा तसंच वेगाने उडणारं द्रव मुख्य आहे. दोन-तीन मिनिटांनंतरही थेंब तसाच असेल तर सावकाश उडणाऱ्या प्रकारातला. सगळं उडून बोटाला चिकट-तेलकट लागलं तर त्यात तेल किंवा ग्लिसरीन आहे.

मग काचेच्या छोट्या पेल्यात एक चमचा रिमूव्हर आणि दोन चमचे पाणी घालून हलवा, मिनिटभर ठेवा. अ‍ॅसिटोन पाण्यात पूर्ण मिसळतं. इथाइल अ‍ॅसिटेट फार थोडं मिसळतं, उरलेलं पाण्यावर वेगळा थर धरून तरंगतं. ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ लिहिलेली बाटली वेगाने उडते आणि पाण्यात पूर्ण मिसळते, तर शंका घ्यायला जागा आहे.

थर्मोकोलवर थेंब टाकून बघायचा सल्लाही ऐकायला येतो: विरघळला तर अ‍ॅसिटोन. हा सल्ला चुकीचा आहे. थर्मोकोल इथाइल अ‍ॅसिटेटमध्येही विरघळतो. आणि मेथॅनॉल ओळखायची घरगुती रीत नाहीच. वासाने तर मुळीच नाही. त्यासाठीच परवाना क्रमांक बघायचा.

हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर, पेट्रोल आणि केमिकलच्या दुकानातून सुटं आणलेलं अ‍ॅसिटोन ही तिन्ही वर्ज्य. थिनरमध्ये टोल्यूईन असणं नेहमीचंच. सुट्या अ‍ॅसिटोनचा मोठा धोका त्याच्या बाटलीचा आहे: ते येतं पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत, दिसतं पाण्यासारखं, आणि घरात कोणीतरी तहानलेलं असतं.

दुसरी पायरी: बसायची जागा

या पायरीत लोक सर्वात निष्काळजी असतात, म्हणून जरा सविस्तर.

अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, पण पेटायला उकळावं लागत नाही. शून्याखाली १८-२० अंशांवरही त्याची वाफ पेट घेऊ शकते. इथाइल अ‍ॅसिटेटचंही तसंच, ते उणे ४ अंशांपासून. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा उघडी बाटली नुसती ठेवली तरी झपाट्याने वाफ सोडत असते. हिशेब असा: १० मिली अ‍ॅसिटोन, म्हणजे दोन चमचे, पूर्ण उडालं तर सुमारे साडेतीन लिटर वाफ होते. हवेत या वाफेचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास गेलं की ती हवा पेटण्याजोगी. म्हणजे दोन चमचे द्रव १३० ते १४० लिटर हवा ज्वालाग्राही करू शकतं. २०० लिटरचं पाण्याचं टिपाड दोन-तृतीयांश भरेल एवढी.

शिवाय ही वाफ हवेच्या दुप्पट जड आहे. इथाइल अ‍ॅसिटेटची तर तिप्पट. ती वर न जाता जमिनीलगत पसरते. आपण बसतो जमिनीवर, चूल किंवा शेगडी अनेक घरांत जमिनीवर, देवापुढची समई आणि निरांजनही खालीच. पलंगावर बसून नखं साफ करणारीला वास येत नाही आणि खाली वाफ समईपर्यंत पोचलेली असते. लाइट गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात तर हे काम करूच नये.

तेव्हा:

बसायचं ओसरीत, अंगणात किंवा उघड्या खिडकीशी. धाब्याच्या घराच्या आतल्या खोलीत, जिथे एक झरोका सोडून वारा नाही, तिथे नाही.

शेगडी, चूल, बंब, समई, उदबत्ती, मच्छर कॉइल यांपासून निदान तीन मीटर लांब, आणि तीही विझलेली असतील तर उत्तम.

कूलर चालू असेल तर तो पाठीमागे घ्या आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे वाफ तुमच्या नाकापासून दूर जाऊन बाहेर पडेल. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला तर तीच वाफ खोलीत फिरत राहते.

खाली स्टीलचं ताट घ्या. सनमायका किंवा पॉलिश केलेल्या टेबलावर, मोबाइलच्या कव्हरवर, चष्म्याच्या फ्रेमवर रिमूव्हर सांडला की चकाकी गेलीच. लाखेच्या बांगड्या आणि नकली मोत्यांच्या अंगठ्या काढून ठेवा. अंगावर सुती जुना कपडा असू द्या. लग्नाच्या गडबडीत पैठणी नेसल्यावर शेवटच्या क्षणी रंग बदलायचा मोह झाला तर आवरा, कारण नकली जरीवरचा मुलामा याने उतरू शकतो.

तिसरी पायरी: साधी पॉलिश काढणं

दोन्ही हातांच्या दहा नखांना एकूण ३ ते ५ मिली द्रव पुरतं. त्याहून जास्त लागत असेल तर घाई होतेय असं समजा.

१. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. ओल्या नखावर रिमूव्हर पातळ होतो आणि रंग लेपासारखा पसरतो.

२. नखाभोवतीच्या कातडीला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. नखावर मात्र नको. तेलाच्या थरातून रिमूव्हर आत जात नाही. बोटाला चिरा किंवा कापल्याची जखम असेल तर ते बोट त्या दिवशी सोडा.

३. मेडिकलमधला शोषक कापूस घ्या, नखाएवढा तुकडा. परभणी-जालन्याकडे घरात कापसाला तोटा नसतो, पण वेचून आणलेल्या कापसात कचरा असतो आणि त्याचे तंतू मऊ झालेल्या रंगाला चिकटतात. त्यापेक्षा जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची तीन सेंटिमीटरची चिंधी बरी. ती द्रवही कमी पिते.

४. चिंधीवर आठ-दहा थेंब घ्या आणि बाटलीचं झाकण लगेच लावा. प्रत्येक बोटाला झाकण उघडायचा कंटाळा येतो, खरं आहे. पण बाटली लवंडण्याचे प्रकार झाकण उघडं ठेवल्यानेच होतात.

५. नखावर दाबून धरा. अ‍ॅसिटोन असेल तर १० ते १५ सेकंद, इथाइल अ‍ॅसिटेट असेल तर २० ते ३०, सावकाश प्रकार असेल तर एक-दोन मिनिटं. या वेळात चोळू नका.

६. मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने ओढा. गोल गोल चोळलं की लाल रंग कातडीत बसतो आणि मग तो काढायला आणखी रिमूव्हर जातो.

७. गडद रंगाला दोन-तीन नखांमागे चिंधी बदला. कडांना काडीला कापूस गुंडाळून टोक ओलं करा.

८. साबणाने हात धुवा, नखांखालूनही. मग नखं आणि कातडी दोन्हींवर तेल चोळा. पाण्याची टंचाई असेल तरी एक तांब्या पाणी यासाठी राखा, विशेषतः लगेच स्वयंपाकाला किंवा लेकराला भरवायला बसणार असाल तर.

चमकी असलेली पॉलिश या रीतीने निघत नाही, कारण चमकीचे तुकडे प्लॅस्टिकचे असतात आणि कापसात अडकतात. तिथे ओला कापूस नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळा, पाच मिनिटं थांबा, मग दाबून एका झटक्यात ओढा.

वारंवार काढावी लागणाऱ्यांनी, उदाहरणार्थ नमाजच्या वुजूसाठी (नमाजआधी हात-तोंड धुण्यासाठी) रोज किंवा सोमवारी शाळेत नखं तपासतात म्हणून दर रविवारी, थोडा वेगळा विचार करावा. सोलून निघणारी, पाण्यावर आधारित पॉलिश वापरणं कुठल्याही रिमूव्हरपेक्षा बरं. आठ-दहा वर्षांच्या मुलींसाठी तर तीच. एकाच आठवड्यात दोनदा रिमूव्हर लागत असेल तर बाटली बदलून फारसा फरक पडणार नाही.

जेल काढायची असेल तर

वाटीत अ‍ॅसिटोन ओतून बोटं बुडवायची रीत सोडा. त्याला ५० मिलीच्या वर द्रव लागतं, सगळी वाटी वाफ सोडत राहते आणि संबंध बोट भिजतं. फॉइलच्या रीतीत दहा बोटांना १० मिलीच्या आसपास पुरतं.

आधी १८० ग्रिटच्या कानशीने जेलची वरची चकाकी घालवा, नख लागेपर्यंत नाही. ही पायरी गाळली की अ‍ॅसिटोन आत शिरत नाही आणि पुढचं सगळं अडतं. कातडीला व्हॅसलीन. नखाएवढ्या कापसावर एक मिली अ‍ॅसिटोन, वर साधारण आठ सेंटिमीटर चौकोनी फॉइल घट्ट. एका वेळी एकच हात करा, दुसरा मोकळा असू द्या. दोन्ही हात फॉइलमध्ये आणि लेकरू बाटलीकडे निघालं तर काय करणार? १० ते १५ मिनिटांनी एक बोट उघडून पाहा. जेल उचललेली, सुरकुतलेली दिसली तर लाकडी काडीने हलकेच ढकला. अडली तर पुन्हा पाच मिनिटं गुंडाळा. नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडलं तर जेलसोबत नखाचे वरचे पापुद्रे येतात. नख पातळ पडून गरम पाण्यातही झोंबतं. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे झालेलं नुकसान वाढून कापलं जायला चार-सहा महिने लागतात.

अ‍ॅसिटोन गरम केल्यावर काम लवकर होतं म्हणून काही जण वाटी गरम पाण्यात ठेवतात. आपल्या उन्हाळ्यात त्याची गरजच नाही, आणि शेगडीवर तर कधीच नाही.

कृत्रिम नखं डिंकाने चिकटवली असतील तर एक वेगळी सूचना: ओल्या डिंकाला कापूस लावू नका. इन्स्टंट ग्लू आणि कापूस एकत्र आले की इतकी उष्णता निघते की बोट भाजू शकतं. डिंक आधी वाळू द्या, मग अ‍ॅसिटोन.

बिघडतं ते का

नखावर पांढरे खरबरीत डाग: महिनोन्महिने सलग पॉलिश आणि वर अ‍ॅसिटोन, यामुळे नखाचा वरचा थर कोरडा होऊन उचलला जातो. आठ-पंधरा दिवस नखं उघडी ठेवा, रोज तेल लावा. डाग वाढत गेले किंवा नख जाड, पिवळं, ठिसूळ झालं तर ती बुरशी असू शकते, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

रंग गेला पण नख पिवळसर: गडद लाल-मरून रंगातला रंजक नखात मुरलेला असतो. रिमूव्हर कितीही घातला तरी तो निघणार नाही. पुढच्या वेळी आधी बेसकोट लावा.

डोकं जड, घशात खवखव: हवा कमी पडली. झाकण लावा, बाहेर या. रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही, तो बांधून उलट बेफिकिरी येते.

पॉलिश घट्ट झाली म्हणून तिच्यात रिमूव्हर घालणं: रिमूव्हरमधलं पाणी आणि तेल पापुद्रा नीट धरू देत नाही, दोन दिवसांत टवके उडतात.

बाटली कुठे ठेवायची, आणि पोटात गेलं तर

मूळ बाटलीत, झाकण घट्ट, कुलपाच्या कपाटात. पत्र्याच्या घरात वरच्या फळीवर नको. पत्र्याखाली दुपारी तापतं आणि बाटली फुगते. स्कूटीच्या डिकीत किंवा उन्हात लावलेल्या बंद गाडीत तर नकोच. वापरलेल्या चिंध्या बंबात किंवा चुलीत टाकू नका, भपका उठतो. त्या अंगणात कोरड्या होऊ द्या, वास गेला की कचऱ्यात. उरलेलं द्रव न्हाणीत ओतू नये.

गुलाबी-हिरवा रिमूव्हर लेकराला सरबतासारखा दिसतो. प्यायलं असेल किंवा नुसती शंका असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. वर येताना द्रव फुप्फुसात गेलं तर धोका वाढतो. तोंड पुसा, बाटली सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. १०८ ची रुग्णवाहिका आहे. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७. लेकरू खेळतंय, ठीक दिसतंय म्हणून घरी थांबू नका. मेथॅनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल असेल तर लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात. बाटली नेली तर डॉक्टरांना घटक शोधत बसावं लागत नाही.

डोळ्यात उडालं तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून. लाली किंवा धूसरपणा राहिला तर डॉक्टर. ताटातला कापूस पेटला तर फुंकर मारू नका किंवा ताट उचलून पळू नका. वर मोठं झाकण किंवा परात पालथी घाला.

ऑपरेशनला किंवा दवाखान्यात भरती होताना निदान एका हाताच्या दोन बोटांवरची पॉलिश घरूनच काढून जा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र प्रकाशावर चालतं, गडद रंगामुळे आकडा चुकू शकतो.

पार्लर चालवणाऱ्यांसाठी थोडं

घरची बाई महिन्यातून दोनदा वास घेते, पार्लरमधली मुलगी दिवसातून दहादा. तिच्यासाठी हिशेब वेगळा. साध्या पॉलिशला सावकाश उडणारा रिमूव्हर आणि फक्त जेलला अ‍ॅसिटोन, अशा दोन बाटल्या ठेवा. टेबलाच्या उंचीवर बाहेर फेकणारा पंखा लावा. छताजवळचा एक्झॉस्ट जड वाफेला फारसा उपयोगी नाही. पेडिक्युअरसाठी वापरले जाणारे नायट्राइलचे हातमोजे अ‍ॅसिटोन काही मिनिटांतच पार करतं, त्यामुळे ओले झाले की लगेच बदला किंवा चिमट्याने कापूस धरा. ब्युटाइल रबरचे मोजे टिकतात, पण जाड असल्याने नाजूक कामाला अडतात. कापसाचा डबा झाकणाचा आणि पायाने उघडणारा घ्या, आणि तो दिवसातून दोनदा बाहेर रिकामा करा. उघड्या डब्यातला ओला कापूस दिवसभर खोलीत वाफ सोडत राहतो. वॅक्स तापवायचा हीटर आणि रिमूव्हरचं टेबल एका भिंतीला असेल तर आजच एक हलवा.